आधी वाक्य, मग षट्कोन

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझी 26 स्लाइडांची फाइल पाहिली. रंग कोणते ठेवू, असं विचारलंयस. रंगांचं नंतर बघू. आधी सांग, शेव-नमकीनच्या त्या कारखान्याने दुसरी भट्टी टाकावी की नाही? 26 स्लाइडांत तुझं मत मला सापडलं नाही.

‘फाइव्ह फोर्सेस’, म्हणजे धंद्याचा नफा ओढणाऱ्या पाच ताकदी (स्पर्धक, नवे येणारे, पुरवठादार, गिऱ्हाईक, पर्यायी माल), तू षट्कोनांत मांडल्यास. पण हे शीर्षक कसलं, डब्यावरचं लेबल झालं. शीर्षकात क्रियापदासकट पूर्ण वाक्य हवं: ‘इंदुरात कढई आणि कारागीर मिळाला की कुणीही शेव काढतो, म्हणून भाव वाढवायला वाव थोडा.’ अशी वाक्यं टेम्प्लेट उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर लिही. आधी वाक्य, मग षट्कोन.

तुझे पाचही षट्कोन सारख्या मापाचे. मायकेल पोर्टरने 1979 साली ही चौकट मांडली, ती धंद्याचा नफा नेमकं कोण खातं ते शोधायला. पाचही ताकदी सारख्या निघाल्या तर शोधलंस काय? ज्या दोन भारी आहेत त्या गडद कर, उरलेल्या फिक्या. आणि ‘पाम तेल महागलं’ हे पुरवठादाराच्या खान्यात का? तेल महागलं की सगळ्याच शेववाल्यांना महाग पडतं. पुरवठादाराला सोडून दुसरीकडे जाणं अवघड असेल, तरच तो भारी. बेसनाच्या गिरण्या पुष्कळ आहेत. जोर आहे तो घाऊक व्यापाऱ्याचा. उधारी वाढवून दिली नाहीस तर शेजारच्याचा माल ठेवेल.

बीसीजीचा तक्ता, म्हणजे बाजारातला हिस्सा आणि बाजाराची वाढ बघून आपला माल चार खान्यांत मांडणारा, मात्र चक्क उलटा आहे. आडव्या अक्षावर सापेक्ष हिस्सा असतो: आपला हिस्सा भागिले सगळ्यात मोठ्या स्पर्धकाचा. मोठा आकडा डावीकडे. पॉवरपॉइंटचा बबल चार्ट तो उजवीकडे टाकतो आणि दुभती गाय (हिस्सा मोठा, वाढ मंद) कुत्र्याच्या (दोन्ही कमी) जागी जाऊन बसते. आडव्या अक्षाच्या फॉरमॅटमध्ये ‘व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण कर. मग उभा अक्ष उजवीकडे उडी मारेल. तिथेच ‘मॅक्सिमम अ‍ॅक्सिस व्हॅल्यू’ निवडलंस की परत येईल. स्लाइडवर वाक्य मात्र गायीबद्दल नको, लसूण शेवेबद्दल हवं.

एक्सेलचा तक्ता एम्बेड करून चिकटवलास तर अख्खी वर्कबुक फाइलबरोबर जाते, मालकाच्या कॉस्टिंगसकट. बाहेर पाठवताना तो चित्र म्हणून चिकटव. 24 पॉइंटांखाली अक्षर नको, आणि फिका करडा तर प्रोजेक्टरवर दिसतच नाही. जवळ पीडीएफ ठेव. दुसऱ्याच्या संगणकावर देवनागरीचा फाँट नसला की ओळी सरकतात.

मी टेम्प्लेटचा वैरी, असं लोक म्हणतात. नाही गं. स्लाइड मास्टरमध्ये फाँट एकदा बदलला की सगळीकडे बदलतो, ही सोय मलाही हवीच असते. पण बाण आणि सावल्या जुळवण्यात माझे फार तास गेले, ते विचाराला मिळाले नाहीत. म्हणून याबाबतीत मी हेकट आहे, आणि राहणार. आधी वाक्य.

रविवारपर्यंत फाइल पाठवू नकोस. नुसती शीर्षकं पाठव, एका पानावर, एकाखाली एक. सलग वाचून भट्टीचा निर्णय कळला नाही, तर कुठे अडलो ते कळवीन. रंग तेव्हा विचार.