डाळिंबाची स्मूदी कडवट का होते?

प्रश्न : आमच्याकडे सांगोल्याच्या नातेवाइकांकडून डाळिंबे पुष्कळ येतात. ती पालक, गाजर, केळे आणि दोन चमचे साखर यांच्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवून मी सकाळी स्मूदी करते. पण ती कडवट लागते, दातांत कचकच येते आणि रंग गढूळ दिसतो, म्हणून मुले पेला तसाच ठेवून उठतात. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांना ती द्यावी का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या सोलापुरात आहे, तेथे डाळिंबाचे पेय कडू व्हावे, हे जरा खटकतेच. ‘भगवा’ या जातीच्या डाळिंबाचे बी मऊ असल्यामुळे दाणे चावून खाताना ते फारसे जाणवत नाही. परंतु मिक्सरच्या पात्याखाली तेच बी भरडले जाते आणि त्याची तुरट-कडवट चव रसात उतरते. दाण्यांना चिकटलेले पांढरे पापुद्रे राहिले असतील, तर ती आणखी वाढते. म्हणून पापुद्रे काढून एक वाटी दाणे आधी एकटेच भांड्यात घ्यावेत, मिक्सरचे बटण दोन-तीन वेळा क्षणभरच दाबून सोडावे, रस गाळणीतून काढावा आणि मगच तो इतर जिनसांत मिसळावा. गाळायचे ते एवढेच. गाजर व केळे यांचा चोथा मात्र राहू द्यावा, कारण तंतू गेले की उरतो तो गोड रस.

रंगाचा उपाय सोपा आहे. लाल आणि हिरवे एकत्र वाटले की चिखलाचा रंग होणारच. तेव्हा पालक दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. लाल पेयासाठी डाळिंबाचा रस, अर्धे किसलेले गाजर, बिटाची एक पातळ चकती, अर्धे केळे आणि अर्धी वाटी सायीचे दही पुरे. गाजरातील कॅरोटीन शरीरात शोषले जाण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतो, तो सायीतून मिळतो. साय नको असेल, तर भाजलेल्या शेंगदाण्यांचा एक चमचा घालावा. (सोलापूरकरांना मोह होईल, पण नुसते शेंगदाणे, चटणी नव्हे.) साखर वगळावी, केळ्याचा गोडवा पुरतो.

हिरव्या पेयात पालकाची आठ-दहा पाने, काकडी, बिया काढलेला पेरू आणि लिंबाचा रस घ्यावा. पेरू व लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालकातील लोह शोषले जाण्यास मदत होते. मात्र मूतखडा होण्यास हातभार लावणारे ऑक्झलेट पालकात भरपूर असते. घरात कोणाला मूतखड्याचा त्रास झाला असेल, तर त्याच्या पेल्यात पालक आणि बीट दोन्ही नकोत. काकडी किंवा दुधी घालण्यापूर्वी एक फोड चाखून पाहावी आणि कडू लागली तर ती निःसंकोच टाकून द्यावी. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे गंभीर आजारी पडल्याची उदाहरणे आहेत, आणि साखर किंवा मीठ घातल्याने तो कडूपणा निरुपद्रवी होत नाही.

पुढे कधी पपई घेतलीत, तर ती दुधात वाटून ठेवू नये. पपईतील पपेन हे विकर दुधातील प्रथिने तोडते आणि पेय थोड्याच वेळात कडवट होते.

सासूबाईंसाठी मी स्मूदीचा आग्रह धरणार नाही. वाटलेले फळ न चावता भराभर पोटात जाते आणि एका पेल्यात दोन-तीन फळे केव्हा संपली हे कळतही नाही. त्यापेक्षा पेरूच्या चार फोडी किंवा अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे त्यांनी सावकाश चावून खावेत. प्यायचीच झाली, तर केळ्याशिवाय केलेली हिरवी स्मूदी अर्धा पेला, तीही न्याहारीचा भाग म्हणून घ्यावी; भाकरी खाऊन वर आणखी एक पेला, असे नको. त्यांना मूत्रपिंडाचा विकार असेल, तर फळे-भाज्यांतील पोटॅशियम शरीरात साठण्याचा प्रश्न येतो, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दही दुपारपर्यंत आंबट होते. तेव्हा ते रात्रीच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी सर्वांत शेवटी घालावे आणि केलेली स्मूदी लगेच संपवावी.