अमेरिकेतल्या काळ्या अस्वलाची मादी झोपेतच पिल्लांना जन्म देते का? ठाण्यात राहून हे बघता येईल का?

तुम्ही विचारलंय की ही मादी हिवाळाभर झोपलेली असते, मग पिल्लं झालेली तिला कळतात तरी का?

कळतात, चांगलीच कळतात. मी राहतो वर्तकनगरला आणि प्राणिशास्त्राशी माझा संबंध बारावीपुरताच. पण अमेरिकेत मिनेसोटातल्या ईली गावाजवळ लिन रॉजर्स या संशोधकाने लिली नावाच्या मादीच्या गुहेत कॅमेरा लावला होता. २२ जानेवारी २०१० ला तिला होप हे पिल्लू झालं, ते जगभरातल्या लोकांनी थेट पाहिलं. त्याचं रेकॉर्डिंग हाती लागलं आणि तेव्हापासून मला हा नाद आहे.

आपण कुंभकर्णाची झोप म्हणतो, तसं हे नाही. काही खारींचं अंग हिवाळ्यात बर्फासारखं थंड पडतं. अस्वलाचं तापमान साधारण ३० अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे त्याला पटकन जाग येते. खाणं, पिणं, शी, शू सगळं बंद असतं, तरी मादी पिल्लाला चाटते, पोटाशी ओढते, अंगावर पाजते. पिल्लं मात्र आईसारखी हिवाळी झोप घेत नाहीत, त्यांचं दूध पिणं चालूच. म्हणून मी तिला झोपाळू म्हणत नाही, बाळंतीण म्हणतो. पिल्लांचे डोळे उघडायलाही जवळजवळ सव्वा महिना लागतो!

जन्मताना पिल्लू अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा हलकं असतं. याचं कारण मोठं गमतीचं आहे. नर-मादी एकत्र येतात उन्हाळ्यात, पण गर्भ तसाच थांबून राहतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास गर्भाशयात रुजतो. तोवर मादीने पुरेशी चरबी साठवली नसेल तर रुजतच नाही. म्हणजे खरी वाढ जेमतेम दोन महिन्यांची.

आता बघण्याबद्दल. येऊरला जाऊ नका, तिथे बिबटे आहेत, अस्वल नाही. ताडोबा-मेळघाटात दिसतं तेही काळंच, पण ते वेगळं. वाळवी खाणारं, हिवाळ्यात दडी न मारणारं. त्याची मादी पिल्लांसाठी गुहेत जाते खरी, पण बाहेर आली की त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. अमेरिकेत जाऊन गुहेत डोकावण्याचा विचारही नको. घाबरलेली मादी पिल्लं टाकून निघून जाऊ शकते.

तेव्हा रेकॉर्डिंगच बघा, आणि आवाज चालू ठेवून. दृश्यात बहुतेक वेळ एक काळा ढीग वरखाली होताना दिसतो, दुसरं काही नाही. गंमत सगळी कानाला. एकदा मी स्पीकरवर लावलं होतं आणि आई शेजारी मटार सोलत होती. म्हणाली, "अरे, तुझा मोबाईल कुठेतरी थरथरतोय, बघ." मोबाईल तर माझ्या हातात होता. दूध पिताना पिल्लं अशी एकसुरी घुरघुरतात. दूध तुटलं की लगेच किंचाळी, आणि ढीग हलतो. आईने मटार बाजूला ठेवले आणि चष्मा मागितला.