डबा पलंगाखालीच राहू दे

प्रिय पोरी,

तुझ्या नाटकाचा खर्डा दोनदा वाचला. पहिल्यांदा रात्री, हसत. दुसऱ्यांदा सकाळी, तेव्हा चहा निवून गेला. आग्र्याचं फुलम-क्लार्क खून प्रकरण निवडलंस, नजर चांगली आहे तुझी. पण दर पानावर तू विनोद पेरत बसली आहेस. कशाला गं? या प्रकरणात तो मुळातच इतका आहे की तुझ्या कोट्यांमुळे दिसेनासा झालाय.

पहिला प्रवेश घे. मीरत, १९११ चा उन्हाळा. तुझी ऑगस्टा फुलम खिडकीत उभी राहून चंद्राला गाऱ्हाणं घालते. खऱ्या ऑगस्टाला एवढी सवड कुठली? नवरा एडवर्ड लष्कराच्या हिशेबखात्यात अधिकारी. प्रियकर डॉक्टर क्लार्क बदलीच्या गावी, तोही लग्नाचा, मुलंबाळं असलेला. तो टपालानं 'टॉनिक'च्या पुड्या पाठवायचा. आत सोमल, म्हणजे आर्सेनिक. ही ते नवऱ्याच्या खाण्यापिण्यात मिसळायची आणि मग पत्र लिहायला बसायची. पुडी दिली, मग काय झालं, आज तब्येत कशी आहे, आणि त्याच कागदावर लाडिक प्रेम. प्रेमपत्र आणि रुग्णाचा तक्ता एकाच शाईत! उलट्या, अशक्तपणा, उष्माघातासारखं सगळं दिसावं हा बेत होता, आणि डॉक्टरांनीही उष्माघातच ठरवला.

मग तोच प्रसंग लिही ना. दुपार, वाळ्याचे पडदे, घामानं कागदाला चिकटलेलं मनगट. ती पंखेवाल्यावर खेकसते, कारण शाई पसरतेय. शेजारच्या खोलीतून नवरा पाणी मागतो. ती "आले हं" म्हणते, वाक्य पुरं करते, टिपकागद दाबते, मग उठते. यात एकही विनोद नाही आणि नाट्यगृह अस्वस्थ होऊन हसेल. माणसं कशाला हसली हे त्यांना घरी गेल्यावर कळतं, तसं हसू मला हवंय.

आणि 'प्राणप्रिये' काढ. गोरी माणसं मराठीत बोलवायची म्हणून संगीत नाटकाची भाषा लागत नाही. त्यांच्या तोंडी दूधवाल्याचा हिशेब आणि आयाची रजा घाल. खून मधेच येऊ दे, वाणसामानाच्या यादीत आल्यासारखा.

तू समासात विचारलंयस, "यांनी घटस्फोट का घेतला नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण उत्तर नाटकात कुठेच नाही. १८६९ चा ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा वाच. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे असे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराला क्रूरपणा, परित्याग अशी आणखी जोड द्यावी लागे. एडवर्डकडून तर तसलं काहीच नाही. म्हणजे ऑगस्टाला स्वतःहून दावा लावायला आधारच नाही, आणि त्यानं लावला तर छावणीभर बदनामी. क्लबातली खुर्ची शाबूत राहावी म्हणून माणूस मारायचा! त्या समाजाचा हा हिशेब एका वाक्यात आला तरी पुरे. भाषण नको.

आता माझी जुनी चूक सांगते. तिशीत एकांकिका लिहिली होती, नवऱ्याला विष घालण्याचीच. तो नवरा मी इतका हलकट केला की तो मेला तेव्हा टाळ्या पडल्या. मी विंगेत खूश. घरी परतताना रिक्षात लक्षात आलं, मी प्रेक्षकांचं काम फारच सोपं केलं होतं. तुझा एडवर्ड घोरतो, ढेकर देतो, बावळट आहे. त्याला सभ्य कर. बायको आपली किती शुश्रूषा करते म्हणून तो तिचे आभार मानतो असं दाखव. मग बघ हसू कसं घशात अडकतं ते. शेवटी आग्र्यात, ऑक्टोबर १९११ मध्ये, तो गेला आणि मृत्यूचा दाखला क्लार्कनंच दिला. घरात एडवर्ड-ऑगस्टाची लहान मुलगी होती. पुढे तिनं कोर्टात साक्ष दिली. ती रंगमंचावर असेल तेव्हा एकही कोटी चालणार नाही, हे मी आत्ताच बजावते.

लुईसाचंही तसंच. क्लार्कची बायको. विषाची एवढी नजाकत झाल्यावर १७ नोव्हेंबर १९१२ च्या रात्री भाडोत्री माणसं तिच्या झोपायच्या खोलीत शिरली. ठरलेली रक्कम शंभर रुपये. तू हा प्रवेश चार पानं रंगवलायस. अर्धं पान कर. दिवा विझतो, दार वाजतं, बस्स.

वाचवलेली साडेतीन पानं डब्याला दे. पोलीस ऑगस्टाच्या बंगल्यात गेले तेव्हा पलंगाखाली पत्र्याचा डबा सापडला. आत तिची क्लार्कला लिहिलेली पत्रं, सुमारे चारशे. नीट बांधून ठेवलेली! दोन माणसं मारणाऱ्यांना काडी ओढून कागद जाळवले नाहीत. तू तो डबा तिसऱ्या अंकात उघडतेस. माझं ऐक, पहिल्या प्रवेशापासून तो पलंगाखाली दिसू दे. मोलकरीण केर काढताना सरकवते, मुलगी त्यावर बसून बूट घालते, क्लार्कच्या पायाला लागतो. कुणीही त्याबद्दल बोलू नये.

मग एडवर्डची कबर उकरली, सोमल सापडलं, अलाहाबादला खटला झाला. क्लार्कला मार्च १९१३ मध्ये फाशी. ऑगस्टा गरोदर होती म्हणून तिला जन्मठेप. हे सगळं भराभर उरकलंस, बरोबर केलंस.

पण शेवट. १९१४ च्या उन्हाळ्यात ती तुरुंगात मेली, उष्माघातानं. तू यावर पडदा पाडलायस आणि खाली तीन उद्गारचिन्हं दिली आहेस. घटना खरी आहे, तरी प्रेक्षकाला ती लेखकाची चलाखी वाटेल. फारच बेतीव बसते गं. मधेच कुठेतरी एखाद्या कारकुनाला नोंदवहीत लिहू दे, मान वर न करता, आणि पुढचं नाव विचारू दे.

पत्राचा प्रवेश आधी लिहून काढ. गुरुवारी दुपारी ये, तीननंतर. त्याआधी मी झोपलेली असते.

तुझी,
मावशी