लॅब्राडूडलचं 'ब्रीड स्टँडर्ड' खरंच असतं का? सांगलीत घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लॅब्राडूडलचं, म्हणजे लॅब्रॅडॉर आणि पूडल या कुत्र्यांच्या संकराचं, पिल्लू विकणारा ते 'ब्रीड स्टँडर्डप्रमाणे' (जातीच्या ठरलेल्या रूपाप्रमाणे) असल्याचं सांगतो, एफवन-बी (लॅब-पूडल संकराला परत पूडल लावलेला) म्हणतो, केस गळणार नाहीत, मुलीला दमा असला तरी चालेल म्हणतो आणि वर सर्टिफिकेटही देतो. मी सांगलीतच विश्रामबागेत राहतो, घरात चार वर्षांचा असाच एक 'गुंड्या' आहे, म्हणून लिहितो.

सर्टिफिकेट आधी बाजूला ठेवा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया लॅब्राडूडल ही जात मानत नाही, अमेरिकेचा मोठा क्लबही मानत नाही. स्टँडर्ड अजिबातच नाही असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडलवाल्यांच्या संघटनांनी स्वतःपुरतं लिहून ठेवलंय: खांद्यापाशी मोजलेली उंची मिनीची १४ ते १६ इंच, मीडियमची १७ ते २०, सगळ्यांत मोठ्या आकाराची (त्यालाही 'स्टँडर्ड'च म्हणतात) २१ ते २४. केसांचेही प्रकार ठरलेत. पण ते पिढ्यानपिढ्या निवडून वाढवलेल्या कुत्र्यांसाठी. इथल्या लॅबला कुणाचातरी पूडल लावून झालेल्या पिल्लांना ते कसं लागू होणार?

गुंड्या 'मिनी' म्हणूनच आला होता. वर्षाचा झाला तेव्हा टेप लावली, २१ इंच. त्याच विणीतला त्याचा भाऊ मिरजेत आहे. अंगावर सरळ लॅबचे केस, आणि सोफ्यावरही तेच केस. दोघांचे आईबाप एकच, दोघेही एफवन-बी.

हायब्रीड ज्वारीचं घरचं बी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं की एक ताट उंच, एक बुटकं, एक उशिरा निसवणारं. इथंही तेच होतं. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड पाहणारा माणूस शिंग आणि पाय बघून भाव लावतो, कारण खिलाराचं रूप कधीचंच ठरून गेलंय. डूडलमध्ये तसं ठरलेलं काही नाही. पिल्लू मोठं होऊन काय निघेल, ते पिल्लाकडं बघून विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता दम्याचं, कारण खरा प्रश्न तोच आहे. ही जात गाजली १९८९ साली. ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरॉन काम करायचे. हवाईतल्या एका अंध बाईंना कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी. कॉनरॉननी लॅब आणि पूडलचा संकर केला, तीन पिल्लं झाली, त्यांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. त्रास झाला नाही तो एकाच पिल्लाचा, सुलतानचा. मुळातल्या विणीतच तिघांत एक! उरलेली दोन पिल्लं कुणी घेईना, तेव्हा 'लॅब्राडूडल' हे नाव पुढं केलं आणि मागणी सुरू झाली. २०१९ मध्ये कॉनरॉन स्वतःच म्हणाले की याचा पश्चात्ताप होतो.

ॲलर्जी मुख्यतः केसांमुळं होतच नाही. ती होते लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळं. २०१२ साली नेदरलँड्समध्ये मोजलं, तर लॅब्राडूडल-पूडलसारख्यांच्या केसांत ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा उलट जास्त निघालं, घरातल्या हवेत फरक नव्हता. त्यामुळं मुलीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय विसार देऊ नका.

तरी घ्यायचाच असेल तर पिल्लू नंतर बघा, आधी आईबाप बघा. त्यांतल्या पूडलचे केनेल क्लबचे कागद मागा, संकरित असलेल्याचे असणारच नाहीत. दोघांच्याही खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे आणि डोळ्यांच्या आजाराची जनुकीय तपासणी झालीय का विचारा. रेटिना हळूहळू निकामी करणारा एक आनुवंशिक आजार लॅब आणि पूडल दोघांतही असतो. आईबाप दोघेही नुसते वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून दोष पुढं देणारे असले, तरी एखादं पिल्लू आंधळं होऊ शकतं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांत बसत नाही, ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणीही लागते. एवढं विचारल्यावर समोरचा चिडला तर तिथूनच परत फिरा.

आणि केस. गळत नाहीत म्हणजे अंगावरच अडकून राहतात. कानामागं, काखेत जटा होतात. पहिल्या पावसाळ्यात मी आठ दिवस ब्रश फिरवला नाही, शेवटी मशीन लावून सगळा भादरावा लागला. कृष्णेकाठी फिरवून आणला की कुसळं आणि गोचीड शोधण्यात अर्धा तास जातो. उन्हाळ्यात केस बारीकच ठेवतो.

स्वभावाला मात्र गुंड्या सोन्यासारखा आहे, म्हणून तर हे सगळं चालवून घेतो. डॉक्टर हो म्हणाले तर एखाद्या रविवारी मुलीला घेऊन या, तासभर बसा. येताना काळी पँट घाला, केस गळतात की नाही तेही कळेल.