कोजागिरीला गच्चीवर वीस जणांसाठी चीजचं शाकाहारी काय न्यावं, जे गार झाल्यावर चामट होणार नाही?

बदली होऊन कोल्हापूरला आलात, सोसायटीतली पहिलीच कोजागिरी आहे, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा ठरलंय आणि तुमच्या वाट्याला ‘चीजचं काहीतरी’ आलंय. सगळे शाकाहारी आहेत, त्यात दोन घरं जैन. घरी केलेलं वर नेईपर्यंत गार होतं आणि रबरासारखं लागतं, ही तुमची अडचण. मी गेली बारा-तेरा वर्षं भिशीला, हळदीकुंकवाला, गच्चीवरच्या जेवणांना असे मोठे डबे करून नेते. त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

आधी चामट का होतं ते बघू. मोझरेला किंवा चेडरसारखं चीज रेनेट, म्हणजे दूध घट्ट बसवणारं एन्झाइम, घालून विरजलेलं असतं. त्यातली प्रथिनं कॅल्शियमनं एकमेकांना धरून असतात. उष्णता मिळाली की ती सैल होतात, चीज वितळतं, त्याची तार निघते. गार होताना तीच प्रथिनं परत आवळतात, वितळलेलं तूप गोठतं आणि चघळत बसावं लागतं. एकदा मी राजारामपुरीतून नागाळा पार्कात भिशीला पिझ्झे करून नेले होते. स्कूटरच्या डिकीत वीस मिनिटं होते, तेवढ्यात ते गारढोण झाले. पहिला तुकडा उचलला तर चीजचा अख्खा थर सायीसारखा एका झटक्यात निघून आला आणि खाली नुसता पाव राहिला. तेव्हापासून एकच विचार करते. पदार्थ गॅसवरनं उतरतो तेव्हा कसा आहे हे बाजूला ठेवायचं, डबा उघडेल तेव्हा तो कसा असेल ते बघायचं.

हे धरलं तर दोनच वाटा उरतात. एक म्हणजे पनीर, ते वितळतच नाही. दुसरी म्हणजे चीज वितळवायचंच नाही. व्हाइट सॉसमधल्या भाज्या मला स्वतःला फार आवडतात, पण कोजागिरीला नका करू. रात्री मसाला दूध असणारच, त्याच्या आधी दुधा-मैद्याचं जड काही कुणाला जात नाही. चीज बॉल्ससुद्धा तळून लगेच खायचे, ते डब्यातले नव्हेत.

मी तुमच्या जागी असते तर पनीरचं सुक्कं केलं असतं. इथं मटणाचं सुक्कं करतात त्याच मसाल्यात, पण पनीर घालून. ते कोमट असलं तरी चवीला उतरत नाही, उलट तासाभरानं मसाला आत मुरतो. चपातीत गुंडाळून नेलं तर गच्चीवर ताट-वाटीचीही गरज नाही.

इतर पदार्थ असणार आहेत, म्हणून माणशी पन्नास ग्रॅम धरा, म्हणजे वीस जणांना एक किलो पनीर. विकतचं घ्या, काही हरकत नाही. पण जमलं तर घरी करा, कारण कोल्हापुरात म्हशीचं दूध जसं मिळतं तसं सगळीकडं मिळत नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी समोर बांधून धार काढून देतात, लोक तिथंच उभे राहून फेसाळतं दूध पितात. एकदा तरी जाऊन या. म्हशीच्या लिटरभर दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर पडतं, म्हणजे पाच लिटर लागेल. गाईच्या दुधाचं कमी पडतं आणि ते मऊ होतं, सुक्क्यात फुटतं.

दूध जाड बुडाच्या पातेल्यात तळाशी लागू न देता उकळा. उकळी आली की गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा. लिंबाचा रस तेवढ्याच गरम पाण्यात मिसळून चमच्या-चमच्यानं घाला. लिटरला साधारण दोन लिंबं लागतात, पण मोजण्यापेक्षा पातेल्यात बघा. आधी दूध नुसतं दाटल्यासारखं दिसतं, मग कडेला दाणे येतात, आणि मग एकाएकी चोथा वर आणि हिरवट, नितळ पाणी खाली असं वेगळं होतं. तिथं थांबायचं. त्यानंतर आणखी लिंबू पडलं तर पनीर आंबट आणि कडक होतं. डाव जोरात फिरवला तर चोथ्याचा भुगा होतो आणि बराचसा पाण्याबरोबर निघून जातो, म्हणून अगदी हलक्या हातानं ढवळा. सुती पंचात गाळा, गार पाणी ओतून लिंबाचा वास घालवा, घट्ट बांधून वर पाण्यानं भरलेली कळशी पाऊण तास ठेवा. वडी निघाली की गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. खालचं पाणी फेकू नका, त्यात कणीक मळा. चपात्या लुसलुशीत होतात, आणि इथं चपात्याच लागणार आहेत.

आमच्या सासूबाईंना पहिल्या वेळी हे बघवलं नव्हतं. चांगलं दूध मुद्दाम नासवायचं हे त्यांच्या पिढीला पटत नाही. आपोआप नासलं तर साखर घालून आटवून वडी करायची, एवढंच त्यांनी केलेलं. पण पंचातनं निघालेली पांढरीशुभ्र वडी हातात घेऊन त्यांनी एक कोपरा मोडून खाल्ला आणि नुसतं मीठ मागितलं. आता दूध फाडायला त्याच उभ्या असतात.

सुक्क्याचा मसाला असा. दोन वाट्या किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर तांबूस भाजा, मग तीन चमचे तीळ आणि दोन चमचे खसखस वेगवेगळी भाजा, कारण तिन्हींना लागणारा वेळ सारखा नाही. सहा कांदे उभे चिरून तेलात चांगले लाल होईपर्यंत परता. हे सगळं आलं, लसूण, कोथिंबिरीबरोबर कमीत कमी पाणी घालून वाटा. कढईत तेल जरा सढळ घ्या, वाटण कडेनं तेल सुटेपर्यंत परता, मग चार-पाच चमचे चटणी. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगते, इथं नुसतं ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसाला समजायचा. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची करून ठेवतात, शेजारी मागितलीत तर कुणी नाही म्हणणार नाही. मीठ घाला, अर्धी वाटी गरम पाण्याचा हबका मारा आणि शेवटी पनीर. पनीर तळू नका, तळल्यानं वरची कड चिवट होते. तुकडे करून दहा मिनिटं मिठाच्या कडकडीत पाण्यात ठेवले की स्पंजासारखे मऊ होतात. मसाल्यात टाकल्यावर दोन-तीन मिनिटंच हलवायचे.

मुलांसाठी चीजचं म्हणून काही हवंच असेल तर गार सँडविच करा. प्रोसेस्ड चीजच्या दोनशे ग्रॅमच्या दोन वड्या किसून त्यात मऊ लोणी, बारीक चिरलेली ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि भरडलेली मिरी कालवा, पावाला हिरवी चटणी लावून भरा. प्रोसेस्ड चीजमध्ये असे क्षार घातलेले असतात की तूप आणि पाणी वेगळं होत नाही, त्यामुळं ते गारही छान लागतं. ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा, कडा वाळत नाहीत.

पनीर आणि चीज दोन्ही घरातनं निघेपर्यंत फ्रीजमध्ये किंवा गरम डब्यात असू दे. बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका. ऑक्टोबरात कोल्हापुरात दिवसा चांगलाच उकाडा असतो आणि लोक चंद्र डोक्यावर आल्याशिवाय डबे उघडत नाहीत.

आता जैन घरांचं. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

चीज दुधाचं, म्हणजे शाकाहारीच, असं मीही समजत होते. पूर्वी रेनेट वासराच्या पोटातल्या अस्तरापासून काढायचे आणि काही चीजमध्ये आजही तेच वापरतात. इटलीतल्या पार्मिजानो रेजानोच्या नियमांतच वासराचं रेनेट सांगितलेलं आहे. भारतात विकलं जाणारं बहुतेक चीज बुरशीपासून मिळवलेल्या किंवा तशाच बिनप्राणिज रेनेटनं करतात आणि त्यावर हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असतो. तो बघूनच घ्या. तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर ते मांसाहारी. परदेशातनं कुणी बॅगेत आणलेल्या चीजवर ही खूण नसते, आणि मागं नुसतं ‘रेनेट’ किंवा ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असेल तर त्यावरनं काहीच कळत नाही. ‘मायक्रोबियल रेनेट’ किंवा ‘व्हेजिटेरियन’ असं स्पष्ट असेल तरच वापरा. पनीरला ही भानगड नाही, ते लिंबानं फाटतं.

आमच्या भिशीत एक जैन मैत्रीण होती. मी चुलतभावानं आणलेलं चीज घालून पास्ता केला होता, मोठ्या हौसेनं. तिनं हळूच विचारलं, ‘यात रेनेट कुठलं आहे गं?’ मला शब्दच माहीत नव्हता. ती काही बोलली नाही, तिनं भात आणि काकडी घेतली आणि सगळ्यांबरोबर हसत जेवली. घरी आल्यावर मी पाकीट शोधून वाचलं. त्या दिवशीचं तिचं ताट अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून त्यांच्यासाठी सुक्कं वेगळ्या कढईत, वेगळ्या डावानं करा. कांदा, लसूण, आलं काहीच नको. खोबरं, तीळ, काजू आणि टोमॅटोचं वाटण, धणे-जिरे पूड, हिंग आणि साधं ब्याडगीचं तिखट घाला. हात सवयीनं चटणीच्या बरणीकडं जातो, तिच्यात कांदा-लसूण आहे हे त्या क्षणी आठवत नाही. ती बरणी आधीच फडताळात बंद करून ठेवा. खसखस चालते का तेही विचारा, काही घरांत चालत नाही.

आणखी एक गोष्ट विचारा, आणि ती आदल्या दिवशीच विचारा. त्यांच्यातले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. तसं असेल तर त्यांचा डबा गच्चीवर नेऊ नका. पाच वाजता, दिवस असताना, गरम चपात्यांसकट त्यांच्या दारात नेऊन द्या. रात्री ते गप्पांना वर येतीलच.