मुंबईत लोकलमध्ये ग्रीन कार्ड चोरीला गेलं, मुदतही संपत आली होती. आईला न्यू जर्सीला परत कसं पाठवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई दहा वर्षांच्या ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत तुमच्या भावाकडे राहते, पाच महिन्यांपूर्वी मुलुंडला आली. परवा लोकलमध्ये पर्स मारली गेली, त्यात कार्ड गेलं. पासपोर्ट घरी होता म्हणून वाचला. कार्डाची मुदत पुढच्या महिन्यात संपणारच होती. भाऊ म्हणतो, ‘मी इथून ऑनलाइन आय-९० भरून टाकतो.’

भावाला आधी थांबवा. आय-९० हा नवं कार्ड मिळवण्याचा फॉर्म आहे, विमानात बसण्याचा नाही. तो भरल्यावर येणाऱ्या पावतीने कार्डाची मुदत सध्या ३६ महिन्यांनी वाढते (सप्टेंबर २०२४पासून, त्याआधी २४ होती), हे खरं. पण ती पावती जुन्या कार्डासोबत दाखवायची असते. कार्डच हातात नाही, तर नुसत्या पावतीवर मुंबई विमानतळावर चेक-इनवाले आईला सोडणार नाहीत. शिवाय बोटांचे ठसे द्यायचं बोलावणं अमेरिकेतल्या पत्त्यावर जातं. आई इथे, तारीख तिथे. कळवल्याशिवाय ती चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरतात आणि फी बुडते. यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज हाताळणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, स्वतःही परदेशात असलेल्यांना परत आल्यावरच आय-९० भरायला सांगतं.

आधी विमानात बसायची सोय, मग नवं कार्ड. हा क्रम उलटला की पैसे आणि महिने दोन्ही जातात.

विमानात बसण्यासाठी फॉर्म आहे आय-१३१ए. तो मंजूर झाला की कॉन्सुलेट आईच्या पासपोर्टात एक स्टिकर लावतं, त्याला बोर्डिंग फॉइल म्हणतात. एकदाच प्रवेश, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. फी ५७५ डॉलर, मंजूर होवो न होवो, परत मिळत नाही. ती यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइनच आणि कॉन्सुलेटला जायच्या आधी भरावी लागते. आईच्या वतीने दुसरं कुणीही भरू शकतं, तेव्हा भावाच्या उत्साहाला हे काम द्या. पैसे भरल्याची पावती छापून घ्या. फॉर्म मात्र आईने स्वतः हजर राहून बीकेसीतल्या अमेरिकी कॉन्सुलेटमध्ये द्यायचा. मुलगा घेऊन गेला, एजंट घेऊन गेला, असं चालत नाही. वेळ आधी घ्यावी लागते, त्यामुळे फी भरली की लगेच कॉन्सुलेटशी संपर्क साधा. सही पासपोर्टवर असेल तशीच करू द्या, मराठीत असली तरी हरकत नाही.

या फॉर्मला एक मोठी अट आहे: अमेरिका सोडून एक वर्ष व्हायच्या आत परत जायला हवं (रीएंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहण्याचा परवाना, आधीच काढलेला असेल तर दोन वर्षं). तुमच्या आईला पाचच महिने झालेत, त्यामुळे अडचण नाही. पण ‘आता आलीच आहे तर गणपती करून जाईल’ असं म्हणत लांबवू नका. वर्ष उलटलं की हा रस्ता बंद होतो आणि डीएस-११७ भरून रिटर्निंग रेसिडेंटचा, म्हणजे परतणाऱ्या कायम रहिवाशाचा, एसबी-१ व्हिसा मागावा लागतो. त्यात उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे सिद्ध करावं लागतं, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीही होते. सणवार हे कारण तिथे चालत नाही.

आता कागद. पोलिसांपासून सुरुवात करा. गाडीत चोरी झाली असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, म्हणजे जीआरपीकडे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हटलं तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. गुन्हा कुठेही नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे पाठवता येतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. पर्स कुठे गेली हेच नक्की सांगता येत नसेल तर गहाळ झाल्याची नोंदही चालेल. मजकुराकडे मात्र बारीक लक्ष द्या. हवालदार ‘पर्स, रोख रक्कम व इतर कागदपत्रे’ असं लिहून मोकळे होतात, आणि त्या कागदाचा तुम्हाला काही उपयोग राहत नाही. ‘अमेरिकेचे पर्मनंट रेसिडेंट कार्ड’ हे शब्द (ग्रीन कार्डाचं अधिकृत नाव), आईचं पासपोर्टवरचं पूर्ण नाव आणि ए-नंबर त्यात आलाच पाहिजे. तक्रार मराठीत असणार, म्हणून इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने ‘मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे’ असं खाली लिहून नाव, पत्ता, तारीख घालून सही करायची. नोटरीची गरज नाही. माणूस घरातला नसलेला बरा.

ए-नंबर म्हणजे कार्डावर ‘यूएससीआयएस नंबर’ म्हणून छापलेला नऊ आकडी क्रमांक. कार्डाचा फोटो कुणाच्याच फोनमध्ये नसेल तर आईचे जुने पासपोर्ट काढा. आई पहिल्यांदा इमिग्रंट व्हिसावर गेली असेल तर त्या व्हिसाच्या पानावर ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या नावाखाली तोच क्रमांक सापडतो. आपल्याकडे जुना पासपोर्ट कोपरा कापून परत देतात आणि तो कपाटात तळाशी जातो. तो शोधण्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

यासोबत लागेल: सध्याचा पासपोर्ट आणि त्याची प्रत, कार्डाची प्रत असल्यास ती, फीची पावती, आई अमेरिकेतून कधी निघाली याचा पुरावा आणि फोटो. निघाल्याच्या पुराव्याला बोर्डिंग पास उत्तम, तो नसेल तर तिकीट आणि मुंबईत उतरल्याचा इमिग्रेशनचा शिक्का. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा काढून. आपला नेहमीचा पासपोर्ट साइज उभट असतो, तो नाही चालत. स्टुडिओत ‘अमेरिकन व्हिसाचा फोटो’ म्हणा, बरोबर काढून देतात. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळं कागदावर न्या आणि फोन सांभाळायला कुणीतरी बाहेर थांबा.

फॉइल हातात येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट काढू नका. काढाल तेव्हा शक्यतो थेट विमानाचं काढा. युरोपमार्गे जाताना भारतीय पासपोर्टवाल्यांना काही देशांत विमानतळ ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्यातून ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे. पण ती कार्ड दाखवून मिळते. एकदाच चालणाऱ्या स्टिकरवर ती मिळेल असं धरून एकट्या आईला मध्येच युरोपात उतरवू नका.

हे वाचणाऱ्या ज्यांचं कार्ड हातात आहे पण इथे असताना मुदत संपली, त्यांनी ५७५ डॉलर घालवायची घाई करू नये. दहा वर्षांच्या मुदतीचं कार्ड संपलेलं असलं तरी त्यावर प्रवाशाला विमानात घ्यायची मुभा अमेरिकेच्या सीमा विभागाने, म्हणजे सीबीपीने, विमान कंपन्यांना दिलेली आहे. मुदत कार्डाची संपते, आपला कायम रहिवासाचा हक्क त्याबरोबर संपत नाही. तरी काउंटरवरच्या प्रत्येकाला हा नियम ठाऊक असतोच असं नाही. सीबीपीच्या कॅरियर गाइडमधलं ते पान छापून सोबत ठेवा आणि विमान कंपनीशी आधी बोलून घ्या. दोन वर्षांच्या, म्हणजे सशर्त, कार्डाला ही सवलत नाही. त्यासाठी अट काढून घेण्याचा आय-७५१ किंवा आय-८२९ फॉर्म भरल्याची, मुदत वाढल्याची पावती कार्डासोबत लागते, आणि त्या कार्डाचं नूतनीकरण आय-९०ने होतच नाही.

न्यूअर्कला उतरल्यावर अधिकारी किती दिवस बाहेर होतात हे विचारतील. १८० दिवसांपेक्षा जास्त झाले असतील तर चौकशी थोडी वाढते. आईला एक गोष्ट नीट समजावून पाठवा: आय-४०७ नावाचा कागद पुढे केला तर सही करायची नाही. तो ग्रीन कार्ड स्वेच्छेने सोडण्याचा फॉर्म आहे. त्यावर सही करायची सक्ती नसते, आणि इमिग्रेशन न्यायाधीशांपुढे बाजू मांडायचा हक्क आहे. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागायला लाजू नका.

पोचल्यावर भावाने आय-९० भरावा. ऑनलाइन फी ४१५ डॉलर, कागदावर ४६५, ऑनलाइनच भरा. कारण निवडताना ‘हरवलं, चोरीला गेलं’ हे निवडा आणि पोलीस तक्रार भाषांतरासह जोडा. मुदत संपल्याचं कारण दिलंत तर जुन्या कार्डाची प्रत मागतात.

नवं कार्ड टपालाने येतं, आणि खूपदा घोळ इथेच होतो. भावाच्या अपार्टमेंटच्या टपालपेटीवर आईचं नाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत पाठवू शकतो. पत्ता बदलला असेल तर दहा दिवसांत यूएससीआयएसला कळवायचं असतं. फक्त पोस्टात पत्ता बदलून भागत नाही, कारण त्यांची पाकिटं नव्या पत्त्यावर पुढे जात नाहीत, उलट फिरतात.

कार्ड यायच्या आत आईला पुन्हा मुंबईला यावं लागलं, तर यूएससीआयएसच्या ८००-३७५-५२८३ या क्रमांकावर फोन करून पासपोर्टात आय-५५१चा शिक्का मागा. कायम रहिवासाचा तात्पुरता पुरावा म्हणून तो जास्तीत जास्त वर्षभरासाठी देतात. तो घेतल्याशिवाय तिला निघू देऊ नका, नाहीतर परतताना पुन्हा बीकेसी आणि पुन्हा ५७५ डॉलर.