वूफरला पेटी का लागते?

प्रश्न : पेटीतून काढलेला वूफर, म्हणजे खर्जाचे (खालचे, जाड) स्वर वाजवणारा स्पीकर, नुसता टेबलावर ठेवून वाजवला, तर त्याचा खर्ज नाहीसा का होतो?

उत्तर : वूफरच्या कागदी शंकूमागे तांब्याच्या तारेचे वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत अधांतरी असते, त्यातून प्रवाह वाहू लागला की ते पुढेमागे सरकते आणि शंकूला सोबत नेते. शंकू पुढे जाताना समोरची हवा दाबली जाते, तर त्याच क्षणी मागची विरळ होते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे खर्जातल्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असल्यामुळे मागची लाट कडेने सहज वळून पुढे येते आणि दोन्ही लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. पेटी ही मागची लाट अडवते. म्हणूनच ती जाड फळ्यांची आणि सांधे घट्ट बुजवलेली असावी, असा माझा आग्रह आहे. शंकूच्या कडेची रबरी पट्टीही बोटाने हलकेच चाचपून पाहावी. ती तडकली असेल, तर आधी तीच बदलावी.